परवलीचा शब्द आणि ठिपक्यांचा पडदा

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाविषयी लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. माझे हस्तलिखित हाती घेताना 'कविता नाही का?' असे मलाही विचारण्यात आलेच. कविता मला साधत नाही. परंतु या वर्षी कौशल्य अभ्यासक्रम म्हणून मी संगणकाचा विषय घेतला आणि त्यातील एक लहानसे काम करताना जो प्रश्न डोक्यात शिरला, तो अजून बाहेर पडलेला नाही. प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. संगणकावर किंवा मोबाइलवर पासवर्ड टाकण्यासाठी जी एक आडवी चौकट असते, ती कशी असावी?

आपल्याकडे पासवर्डला 'परवलीचा शब्द' असा जुना प्रतिशब्द आहे. ऐतिहासिक कादंबऱ्यांतून तो आपण सर्वांनी वाचलेला असतो. रात्रीच्या अंधारात पहारेकरी हटकतो, येणारा माणूस ठरलेला शब्द उच्चारतो आणि दिंडी दरवाजा उघडतो. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. तो शब्द तोंडाने बोलायचा असे, आणि पहारेकऱ्याला तो आधीपासून ठाऊक असे. संगणकाच्या परवलीच्या शब्दाचे नेमके उलट आहे. तो बोलायचा नाही. आणि नीट व्यवस्था असेल तर खुद्द पहारेकऱ्यालाही तो ठाऊक नसावा. ज्याला शब्द माहीत नाही तो पहारेकरी माणूस ओळखतो कसा, हे कोडे मला कित्येक दिवस उलगडले नव्हते. त्याकडे मी पुढे येईन. आधी घरची एक गोष्ट सांगते, कारण या प्रश्नाची सुरुवात तेथून झाली.

बारावीनंतर माझा फी-सवलतीचा अर्ज भरण्यासाठी मी आणि अण्णा तालुक्याच्या गावी एका संगणक केंद्रावर गेलो होतो. अण्णा गवंडीकाम करतात. त्यांची शाळा सातवीत सुटली. केंद्रातले दादा कळफलकापाशी बसलेले, आम्ही टेबलाच्या अलीकडे उभे. दादांनी विचारले, "काका, पासवर्ड काय ठेवायचा?" अण्णांनी खणखणीत आवाजात माझे नाव सांगितले. मागे रांगेत सात-आठ माणसे होती. चौकटीने तो शब्द नाकारला. मोठ्या लिपीतले अक्षर हवे, अंक हवा, चिन्ह हवे. आणखी दोनदा नकार आल्यावर दादा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मी आपला नेहमीचा टाकतो." त्यांनी तो टाकला आणि वहीत आमच्या नावापुढे एक खूण केली. पडद्यावर ठिपके उमटले, शिस्तीत, एकामागून एक. त्या ठिपक्यांनी तो शब्द एकाच माणसापासून लपवला. ज्याचा तो होता त्याच्यापासून, म्हणजे माझ्यापासून.

या वर्षी नूतनीकरणासाठी गेलो तर केंद्राला कुलूप. दादा पुण्याला कामाला लागल्याचे शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितले. घाईत त्यांनी मोबाइल क्रमांकही स्वतःचाच घातला होता; त्यामुळे शब्द बदलून घेण्याची वाटसुद्धा त्यांच्याच मोबाइलवरून जात होती. त्यांचा ठावठिकाणा लागला तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. अण्णांनी मुकादमाकडून उचल घेऊन फी भरली. ती उचल अजून फिटायची आहे. दादांवर माझा राग नाही. त्यांनी लबाडी केली नाही. रांग मोठी होती आणि चौकट ऐकत नव्हती. माझा राग आहे तो त्या चौकटीवर. ठिपके लावले म्हणजे पासवर्ड सुरक्षित झाला, अशी तो करणाऱ्यांची समजूत असावी. माझे म्हणणे असे की, चौकट जितकी आडमुठी तितका शब्द मालकाच्या हातून सुटतो आणि दुसऱ्याच्या तोंडी, दुसऱ्याच्या वहीत जाऊन बसतो.

आता थोडा इतिहास. एकाच संगणकावर अनेकांनी पाळीपाळीने काम करावे, अशी व्यवस्था अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. 'सीटीएसएस' नावाची ही प्रणाली १९६१ साली प्रथम चालवून दाखविण्यात आली. प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत म्हणून प्रत्येकाला एकेक परवलीचा शब्द देण्यात आला. त्या काळी आजच्यासारखे पडदे सर्रास नव्हते. टंकलेखन यंत्रासारखी यंत्रे असत आणि जी कळ दाबावी ते अक्षर कागदावर उमटे. पासवर्ड टाइप केला तर तोही कागदावर उमटणार, आणि कागद टोपलीत गेला तरी शब्द त्यावर राहणार. म्हणून पासवर्डापुरती छपाई बंद ठेवण्याची युक्ती निघाली. जी यंत्रे स्वतःहूनच अक्षर छापत, तेथे त्या जागी आधीच अक्षरांवर अक्षरे छापून काळा पट्टा तयार करीत आणि त्यावर शब्द टाइप करवीत. आजच्या ठिपक्यांचे पूर्वज ते हे.

पुढे पडदे आले. युनिक्ससारख्या प्रणालींत पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच न उमटण्याची रीत पडली आणि ती पुष्कळ ठिकाणी अजूनही चालू आहे. (प्रयोगशाळेत मी प्रथम अशा यंत्रासमोर बसले तेव्हा कळफलक बिघडला असे समजून सरांना बोलावून आणले होते. सारा वर्ग हसला.) काहीच न दाखवण्यात शब्दाची लांबीही लपते, हा त्याचा गुण, परंतु टाइप करणाऱ्याला आपण काही केले की नाही याचा पत्ता लागत नाही, हा दोष. मधला मार्ग म्हणून दर अक्षरामागे एक तारा किंवा एक ठिपका आला. वेबपृष्ठांच्या भाषेच्या १९९५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत पासवर्डासाठी वेगळ्या जातीची चौकट नमूद आहे. स्पर्शाचे मोबाइल आल्यावर बोटाखाली भलतीच कळ दाबली जाऊ लागली, तेव्हा शेवटचे अक्षर क्षणभर दाखवून मग त्याचा ठिपका करण्याची सोय झाली.

हा पडदा कोणासाठी? मागे उभे राहून खांद्यावरून पाहणाऱ्यासाठी. त्याच्यापुरता तो चांगला आहे. परंतु ठिपका हे केवळ वरचे रूप आहे. चौकटीच्या आत शब्द जसाच्या तसा असतो. आमच्या प्रयोगशाळेत एका मुलाने ब्राउझरला 'पासवर्ड लक्षात ठेव' असे सांगितले होते. दुसऱ्याने त्या पृष्ठाचा मजकूर उघडून चौकटीची जात 'पासवर्ड' ऐवजी 'साधा मजकूर' अशी केली. ठिपके गेले आणि शब्द समोर. दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत.

माझे स्वतःचे काम याहून वाईट होते, हे येथे कबूल केले पाहिजे. आमच्या विभागाच्या ग्रंथपेटीतील पुस्तके कोणी नेली, कधी परत दिली, याची नोंद ठेवण्यासाठी मी एक पृष्ठ तयार केले. नाव आणि पासवर्ड टाकून आत जायचे. चौकटीला ठिपके लावले आणि मी निर्धास्त झाले. पहिल्याच दिवशी बटण दाबल्यावर पाहते तो पृष्ठाच्या वरच्या पत्त्याच्या ओळीत माझा पासवर्ड स्वच्छ वाचता येत होता! असे का झाले? अर्ज पाठविण्याच्या दोन रीती असतात. एका रीतीत चौकटीतला मजकूर पत्त्याला जोडून जातो, दुसऱ्या रीतीत तो पाकिटात घातल्यासारखा आतून जातो. आपण काहीच सांगितले नाही, तर पहिली रीत धरली जाते. पत्त्याला जोडलेला मजकूर ब्राउझरच्या इतिहासात राहतो, पलीकडच्या सर्व्हरच्या नोंदवहीतही उतरतो. चौकटीत ठिपके आणि चार बोटे वर तोच शब्द उघडा, असा तो प्रकार होता.

दुसऱ्या रीतीने पाठवला तरी वाट सुरक्षित हवी. वाटेत कोणी पाकीट फोडू नये म्हणून मजकूर कुलूपबंद करून पाठविण्याची व्यवस्था असते. पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' दिसते ती हीच. जेथे ती नाही आणि तरीही पासवर्डाची चौकट आहे, अशा पृष्ठांवर 'सुरक्षित नाही' असा शेरा क्रोम ब्राउझरने जानेवारी २०१७ पासून दाखवायला सुरुवात केली. त्यानंतर पुष्कळांना जाग आली, असे म्हणतात.

पण खरी खजिल होण्याची वेळ पुढेच होती. आठवड्याने माझी एक मैत्रीण तक्ता चाळत असताना एकदम थांबली आणि म्हणाली, "अगं, यात माझा पासवर्ड दिसतोय!" दिसत होताच. सगळ्यांचेच दिसत होते. मी ते आल्यासारखे तक्त्यात लिहून ठेवले होते, अगदी केंद्रातल्या दादांच्या वहीसारखे. तिचा तोच शब्द तिच्या ईमेललाही होता. मी तो वाचला होता, आणि वाचलेला शब्द न वाचलेला करता येत नाही. त्या संध्याकाळी मी सगळा तक्ता पुसला.

तेव्हा पहारेकऱ्याचे कोडे सोडविणे भाग पडले. समाधान याचे वाटले की, ही चूक मोठमोठ्यांनी आधी केलेली आहे. त्याच सीटीएसएस प्रणालीत १९६२ साली अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला संगणकावरचा वाट्याला आलेला वेळ अपुरा पडू लागला. त्याने पंच केलेल्या कार्डावर विनंती देऊन पासवर्डांची सगळी यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम सुरू केले. साठच्या दशकाच्या मध्यास तर तेथे अशी गंमत झाली की, यादीची फाइल आणि स्वागताच्या सूचनेची फाइल यांची एका गोंधळामुळे अदलाबदल झाली, आणि जो जो आत शिरेल त्याच्यापुढे सर्वांचे पासवर्ड छापून येऊ लागले. कॉर्बातो यांनी ही हकीकत ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात स्वतःच सांगितली आहे. यादी कुलपात ठेवणे हा यावरचा उपाय नव्हे, तर यादीच नसणे हा उपाय. आणि त्याचे श्रेय केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांना जाते. मॉरिस विल्क्स यांच्या १९६८ सालच्या पुस्तकात त्याचे वर्णन आले आहे.

ही युक्ती मी घरी आईला समजावून सांगितली ती अशी. समज, पहारेकऱ्याजवळ एक गिरणी आहे. तू पहिल्या दिवशी तुझे धान्य आणलेस. त्याने ते दळले, पीठ ठेवून घेतले आणि धान्याचा कणही मागे ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा धान्य आणलेस की तो पुन्हा दळतो आणि आजचे पीठ कालच्या पिठाशी ताडून पाहतो. जुळले तर दार उघडायचे. पिठाचे पुन्हा धान्य करता येत नाही. म्हणून पीठ चोरीला गेले तरी चोराला दाणे मिळत नाहीत. या दळणाला संगणकाच्या भाषेत 'हॅश' म्हणतात.

यात एक खोच आहे. दोघींनी एकच धान्य आणले तर पीठही एकच होणार. आणि चोर घरी बसून नेहमीची हजारो धान्ये दळून पिठांचा संग्रह करून ठेवू शकतो. म्हणून प्रत्येकाच्या दळणात वेगवेगळी चिमूट टाकायची. तिला इंग्रजीत 'सॉल्ट' म्हणजे चक्क मीठच म्हणतात. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ साली युनिक्समधील पासवर्डांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात ४०९६ प्रकारच्या चिमटीची सोय सांगितली असून दळण मुद्दाम सावकाश व्हावे म्हणून ते २५ वेळा फिरविले आहे. आपल्याला दाराशी क्षणभर थांबावे लागले तर चालते. चोराला मात्र कोट्यवधी वेळा थांबावे लागते. पुढे यंत्रे वेगवान झाल्यावर, गिरणी हवी तेवढी संथ करता येईल अशी 'बीक्रिप्ट' ही पद्धत १९९९ साली आली, आणि २०१५ मध्ये एका जागतिक स्पर्धेतून 'आर्गॉन-२' ही पद्धत निवडली गेली. त्या १९७९ च्या निबंधात आणखी एक आकडा आहे. त्यांनी गोळा केलेल्या ३२८९ पासवर्डांपैकी २८३१ इतके सोपे होते, की ते शोधून काढायला फारसे काही लागत नव्हते. माणसे तेव्हाही आपल्यासारखीच होती.

मी गिरणी बसवली. तरी धान्य चौकटीतून गिरणीपर्यंत जाते तेवढ्या वाटेत ते उघडेच असते, आणि धोका तेथेही आहे. मे २०१८ मध्ये ट्विटरने जाहीर केले की, दळण होण्याआधीच पासवर्ड एका अंतर्गत नोंदवहीत लिहिले जात होते. सर्वच ग्राहकांना शब्द बदलण्याचा सल्ला द्यावा लागला. मार्च २०१९ मध्ये फेसबुकनेही कोट्यवधी पासवर्ड आतील नोंदींत उघडे राहिल्याचे मान्य केले. कोणी हेतुतः केलेले नव्हते. कार्यक्रमातील चुका शोधण्यासाठी 'आलेले सगळे लिहून ठेव' असे कोणीतरी सांगून ठेवलेले असते, त्यात हेही सापडते. म्हणून जाणते लोक शब्द स्मृतीतही कमीत कमी काळ ठेवतात. जावा भाषेतील पासवर्डाची चौकट आपला मजकूर सलग शब्द म्हणून न देता सुट्या अक्षरांची मांडणी म्हणून देते, ती याचसाठी. त्या भाषेत शब्द एकदा बनला की पुसता येत नाही. सुट्या अक्षरांवर मात्र काम होताच शून्ये लिहून टाकता येतात.

आता माझ्या मूळ रागाकडे येते. ठिपके हवेतच का, हा वाद २००९ मध्ये रंगला होता. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी त्या वर्षी लिहिले की, बहुतेक वेळा माणसाच्या मागे कोणी उभे नसते. ठिपक्यांमुळे चुका होतात आणि कंटाळून लोक सोपे शब्द ठेवतात, तेव्हा हे झाकणे बंद करा. सुरक्षाशास्त्रातील नामवंत लेखक ब्रूस श्नायर यांनी आधी त्यांना दुजोरा दिला आणि लगेच आपण चुकल्याचेही लिहिले. मला दोघांचेही अर्धे पटते. नील्सन यांनी आमच्या केंद्रावरची रांग पाहिलेली नव्हती. आमच्याकडे मागे नेहमीच कोणीतरी उभे असते. पण एकटीने टाइप करताना मी काय लिहिले हे मलाच दिसू नये, हेही अन्यायाचे आहे. यावर निघालेला तोडगा म्हणजे चौकटीच्या कडेला असलेला डोळा. दाबला की शब्द दिसतो, पुन्हा दाबला की झाकतो. मागे कोण उभे आहे हे यंत्राला कळत नाही, माणसाला कळते. म्हणून तो निर्णय माणसाच्या हाती दिला, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

हा डोळाही सांभाळून बसवावा लागतो. तो उघडला की चौकट साध्या मजकुराची होते, आणि साध्या मजकुराला ब्राउझर आपणहून मदत करू जातो. तो शब्द पुढच्या वेळी सुचविण्यासाठी लक्षात ठेवतो, शुद्धलेखन तपासतो. काही प्रकारच्या तपासणीत तर मजकूर दूरच्या सर्व्हरकडे जातो. म्हणून शुद्धलेखन तपासणी तेथे बंद ठेवायची आणि बटण दाबताच चौकट पुन्हा पासवर्डाच्या जातीची करायची. साध्या चौकटीवर आपल्या हाताने ठिपके काढण्याची हौसही करू नये. मोबाइलच्या कळफलकाला हा गुप्त शब्द आहे हे कळत नाही, तो त्याला आपल्या शब्दसंग्रहात घेतो आणि पुढे कोणाला तरी निरोप लिहिताना हळूच पुढे करतो.

अण्णांचा शब्द तीनदा नाकारणाऱ्या नियमाचीही कथा आहे. मोठे अक्षर, अंक, चिन्ह आणि ठराविक दिवसांनी बदल, हा सल्ला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या २००४ च्या पुस्तिकेतून सर्वत्र पसरला. तो लिहिणारे बिल बर यांनी २०१७ साली एका वृत्तपत्राशी बोलताना त्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षीच्या नव्या नियमावलीत संस्थेने असल्या अटी घालू नयेत, किमान आठ अक्षरे मागावीत आणि निदान चौसष्टपर्यंत घेऊ द्यावीत, विनाकारण शब्द बदलायला लावू नये, मात्र चोरीस गेलेल्या व सर्रास वापरातल्या शब्दांच्या यादीशी तो ताडून पाहावा, असे सांगितले आहे. शब्द दाखविण्याची सोय द्यावी, दुसरीकडून उचलून चिकटवू द्यावा, हेही तीत आहे. अण्णांनी दिलेले नुसते नाव या यादीच्या कसोटीला कदाचित उतरले नसते, हे मी मान्य करते. पण 'आठवणीतले चार शब्द सलग लिहा' असे चौकटीने साध्या मराठीत सांगितले असते, तर ते मी स्वतः लिहिले असते. नियमावली बदलून वर्षे लोटली तरी आपल्याकडच्या अनेक चौकटी २००४ मध्येच आहेत.

मराठीत लिहिले असते, असे मी म्हटले खरे. पण तेथे वेगळीच अडचण आहे आणि मला वाटते, भाषेच्या विद्यार्थ्यांनी तिकडे लक्ष द्यावे. 'दऱ्या' हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसरीत साध्या र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच. संगणकाला ती वेगळी धान्ये. नुक्त्याचा ऱ सुद्धा एकसंध किंवा र अधिक नुक्ता अशा दोन प्रकारे साठवला जातो. या शेवटच्या दोघांना एकच मानण्याचा नियम युनिकोडमध्ये आहे, आणि दळण्यापूर्वी तो लावावा असे वरील नियमावलीही सांगते. पण न दिसणारे जोडचिन्ह त्या नियमाने जात नाही. परिणाम असा की, घरी मोबाइलवर ठेवलेला शब्द महाविद्यालयाच्या कळफलकावरून तसाच टाइप केला तरी दार उघडणार नाही, आणि येथे डोळा उघडूनही चूक दिसणार नाही. मोजण्याचाही घोळ आहे. 'श्री' आपल्याला एक अक्षर. संगणकाच्या हिशेबी ती श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे. आठाची अट 'श्रीश्री' एवढ्यात पुरी होते! या कटकटी नकोत म्हणून चौकटी करणारे केवळ रोमन अक्षरे घेतात, आणि मग ज्यांना रोमन येत नाही त्यांचा शब्द दुसरा कोणीतरी टाकतो.

चुकल्यावर चौकटीने काय बोलावे, हेही ठरवावे लागते. 'असे नाव येथे नाही' आणि 'पासवर्ड चुकला' असे दोन निरोप मी आधी ठेवले होते. त्यामुळे कोणाचे नाव नोंदलेले आहे ते परक्यालाही कळे. आता दोन्हीला मिळून एकच निरोप आहे. लागोपाठ चुका झाल्या तर थोडा वेळ थांबविते. कायमचे कुलूप लावत नाही, कारण तसे केले तर कोणीही खोडसाळपणे दुसऱ्याचे दार बंद करू शकेल.

हे सगळे करताना माझ्या डोळ्यांपुढे एक चौकट होती, जी आईला जमते. आईची शाळा चौथीपर्यंतची. शेतमजुरीचे पैसे हल्ली तिच्या खात्यात येतात आणि किराणा ती मोबाइलवरून यूपीआयने देते. तेथे चार किंवा सहा अंकांचा पिन असतो. तो टाकण्याचे पान पैसे पाठविणाऱ्या त्या अ‍ॅपचे नसते; राष्ट्रीय देयक निगमाने तयार केलेले पान अ‍ॅपच्या आत उघडते आणि पिन तेथेच कुलूपबंद होऊन पुढे जातो, त्यामुळे खुद्द अ‍ॅपलाही तो दिसत नाही. चारच अंक पुरतात, कारण खाते त्या मोबाइलशी आणि सिमकार्डाशी आधी जोडलेले असते व चुकीचे प्रयत्न मोजकेच करता येतात. मोठे अक्षर नाही, चिन्ह नाही, रोमन नाही. एकदा दुकानात तिला उशीर होतोय असे पाहून मी म्हटले, "सांग गं, मी टाकते." तिने मोबाइल छातीशी धरला आणि म्हणाली, "व्हय बाजूला. ते सांगायचं नसतं."

गेल्या महिन्यात मी माझे सुधारलेले पृष्ठ तिच्यापुढे ठेवले. मी पलीकडे तोंड करून बसले. तिने एकेक अंक दाबला, डोळा उघडून पाहिले, एक अंक खोडला, डोळा मिटला आणि बटण दाबले. मग मला विचारले, "तुला कळलं का?" मी तक्ता उघडून तिच्या नावापुढची अक्षरांची लांबलचक खिचडी दाखवली. तिने ती बोटाने चाचपल्यासारखी केली आणि म्हणाली, "हे माझं दळण व्हय? बारीक झालंय."